धूप किधर जादा है?

गारखेड्यात आमच्या सोसायटीतल्या बायकांना एवढंच ठाऊक आहे की मी ‘शेतीच्या ऑफिसात’ होते. त्यामुळं कुणाच्या कुंडीतला मोगरा रुसला की कुंडीसकट तो माझ्या दारात येतो. मोगऱ्यातलं मला काही कळत नाही हे सांगून मी थकले. शेवटी एकदा नीट समजावलं, ‘अहो, माझं काम वेगळं होतं. शेतातली माती कुठून वाहून जाते ते शोधायचं, नकाशावर दाखवायचं आणि तिथं झाडं लावून घ्यायची.’ त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, ‘मग सापडली का?’

माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीची इतकी नेमकी चौकशी आमच्या खात्यानंही कधी केली नव्हती. सापडली नाही, वहिनी. माती एकदा गेली की जायकवाडीच्या पाण्याखाली जाऊन बसते, आणि तिला परत बोलवायचा अर्ज अजून छापलेला नाही.

या वाहून जाण्याला आमच्या सरकारी मराठीत ‘धूप’ म्हणतात. जमिनीची धूप. हा शब्द नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या दोन अक्षरांनी घातला आहे. पावसाचा थेंब आपटून माती उडते, ती उसळी धूप. मग पाणी अख्ख्या शेताची वरची पातळ साल सोलून नेतं, ती सालकाढी. ही सगळ्यात लबाड, कारण ती दिसतच नाही. मग रानात बोटाएवढ्या रेघा पडतात, त्या ओघळी. आणि त्या रेघांकडं ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून काणाडोळा केला की म्हैस उभी राहील एवढी घळ पडते.

ही धूप ओळखायला फार मोठं यंत्र लागत नाही. शेतकऱ्याला विचारलं तर तो सांगत नाही, पण शेत सगळं सांगतं. बांधावरच्या लिंबाची मुळं उघडी पडलेली असतात. काळ्या रानात मुरमाचे पांढुरके चट्टे दिसतात. एखादा खडा आपल्या बुडाखालची तेवढी माती राखून उंचावर बसलेला असतो. हे सगळं बघत बांधाबांधानं चालायचं, टिकावानं खड्डा घेऊन माती किती खोल आहे ते मोजायचं आणि गावाच्या नकाशावर खुणा करायच्या. धूप नाही तिथं हिरवा रंग, थोडी असेल तिथं पिवळा, मध्यम असेल तर नारिंगी आणि तीव्र असेल तिथं तांबडा. तांबड्या जागी दगड रचून झाडांचे पट्टे लावायचे. करंज, बांबू, शेवरी, घायपात, वाळा. मुळांनी माती धरायची आणि आम्ही त्याचा अहवाल धरायचा, अशी कामाची वाटणी.

रंग भरायचं काम आमच्या ऑफिसातले अनुरेखक गायकवाड करत. हे शहरातल्या छावणी भागात राहायचे आणि ब्लेडनं पेन्सिलीला असं टोक काढायचे की कान टोचून घ्यावेत. नकाशा सुंदर दिसला पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष. ‘शिंदे मॅडम, ह्या गावात तांबडं लई झालंय. एका कोपऱ्यात तरी हिरवं द्या की, डोळ्याला बरं दिसंल,’ असं म्हणायचे. मी म्हणायची, ‘गायकवाड, नकाशा डोळ्यांनी नाही, पायांनी काढायचा असतो.’ हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या तोऱ्यात म्हटलं होतं की ऑफिसात माझ्या बदलीची बातमी आली की लोक विचारायचे, ‘मॅडमची झाली, का त्यांच्या चपलांची?’

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकाहून एक. एक हरिभाऊ होते. गावाकडं मोठं रान, नोकरी शहरातल्या बँकेत, आणि शेती फक्त रविवारी. पहिल्या दिवशी मला बांधावरच अडवलं. ‘आमच्यात धूप? छे हो. ती शेजारच्यात असंल, तिकडं बघा.’ मी शेजारी गेले तर तोही हरिभाऊंच्या रानाकडं बोट दाखवत होता. आपल्या शेतातली माती गेली हे कबूल करायला माणसाला फार जड जातं. पण तांबडा रंग मिळाला तर दगडी काम आणि रोपं मिळतात हे गावात पसरलं आणि तिसऱ्याच दिवशी हरिभाऊंचा फोन. ‘मॅडम, आमच्यात बी हाये म्हणं थोडी धूप. मी आत्ताच बघितली.’

गेले. तर हे गृहस्थ मोबाइलवर होकायंत्र उघडून उभे. म्हणाले, ‘झाडं लावायचीच असली तर उत्तरेच्या धुऱ्यावर लावा.’ आमच्याकडं बांधाला धुरा म्हणतात. मी म्हटलं, ‘हरिभाऊ, माती पूर्वेकडून वाहतेय.’ ते म्हणाले, ‘ते खरं हाये. पण थंडीत सावली उत्तरेला पडती. म्हणजे ती आपल्यात येत नाय, भावाच्या गव्हात जाती.’ मी विचारलं, ‘भावाच्या?’ हरिभाऊ जरा वरमून म्हणाले, ‘सख्खा नाय हो. चुलत.’

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं रंगवून सांगितली. लोक हसायचे, मीही हसायची. पण तिच्यात माझ्यासाठी एक धडा होता तो मी कधी घेतलाच नाही. झाडाचा विषय निघाला की शेतकरी आधी ऊन-सावलीचा हिशेब बघतो. मातीचं त्याच्या मनात नंतर येतं.

आता माझ्या गोष्टीकडं येते. निवृत्तीला अडीच-तीन वर्षं राहिली असताना चितेगावच्या पुढं, पैठण रस्ता सोडून आत गेल्यावर लागणारं एक गाव माझ्याकडं आलं. नाव सांगत नाही. गावाला माझी चूक ठाऊक आहे, तेवढं पुरे. सगळं गाव मी पायांनीच काढलं. शेवटच्या दिवशी एकच गट नंबर राहिला होता आणि माझा उजवा गुडघा असा काही सुजला होता की जीपमधून उतरतानाच डोळ्यांपुढं काजवे चमकले. गट युसूफभाई पटेलांचा होता. वरच्या अंगाला सपाट काळी जमीन, मग हलका उतार आणि खाली नाला. मी सपाटावरच्या लिंबाखाली बाजेवर बसले. मनाशी म्हटलं, एवढा एक गट विचारून लिहिला तर काय बिघडतं? एवढ्या वर्षांच्या अनुभवाचा काही तरी उपयोग नको का?

मी पोचले तेव्हा युसूफभाई पलीकडच्या शेतकऱ्यावर ओरडत होते. ‘आरं ए बबन, तुझी म्हैस माझ्या कडवळात शिरली बघ! चारा माझा, म्हैस तुझी. आता धार बी मीच काढू व्हय?’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यावर हसलेसुद्धा. आणि पुढच्याच क्षणाला त्यांच्याशी हिंदीत बोलायला लागले.

मला कुणी सांगितलं नव्हतं. समोर मुसलमान माणूस आला की हिंदीत सुरू व्हायचं, ही आम्हा शहरातल्या मराठी लोकांची सभ्यतेची कल्पना. आपण किती समजूतदार, असंही आत कुठंतरी वाटत असतं. माझी हिंदी म्हणजे मराठी वाक्याच्या शेवटी ‘है’ लावायचं, एवढीच. शिवाय हिंदीत जमिनीच्या धुपेला ‘कटाव’ म्हणतात हे मला अगदी पाठ होतं, परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. पण तोंडातून निघाला तो रोजचा ऑफिसातला शब्द.

‘युसूफभाई, झाड लगाने का है. आपके खेत में धूप किधर जादा है?’

युसूफभाईंनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग शेताकडं. माणूस विचार करून उत्तर देणारा. म्हणाले, ‘धूप ना? धूप तो ये उप्पर के सपाट में. सुबू से शाम तक.’

मी लिहिलं, ‘वरचा तुकडा, तीव्र.’ मग विचारलं, ‘और नाले के बाजू?’

‘उधर बिलकुल नै. उधर इमली के झाडां हैं ना.’

मी जाणकारासारखी मान डोलावली. चिंचेच्या मुळांनी माती धरली असणार. लिहिलं, ‘नाल्याचा काठ, धूप नाही.’

‘सपाट में धूप कब से है?’

युसूफभाई जरा गोंधळले. ‘हमेशा से है, मॅडम.’

‘आपके दादा के जमाने से?’

‘उसके भी पैले से,’ ते म्हणाले. या सरकारी बाईला ऊन लागलं असावं, असं त्यांना वाटलं असणार. मी मात्र शेऱ्याच्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिलं, ‘धूप जुनी व सततची.’

तेवढ्यात त्यांच्या बायको हमीदाबी चहा घेऊन आल्या. चहा दिला आणि म्हणाल्या, ‘मॅडम, नाल्याकडं एक चक्कर टाका ना. तिकडं काय झालंय ते तुमच्या डोळ्यांनीच बघा.’ त्या चक्क मराठीत बोलल्या होत्या. मी गुडघ्यावर हात ठेवला आणि हसून म्हटलं, ‘अगली बार जरूर.’

नाल्याच्या काठापासून वीसेक पावलांवर त्यांची विहीर होती. सगळं रान तिच्यावर भिजायचं आणि नाला दर पावसाळ्यात तिच्याकडं सरकत होता. हमीदाबींना मला हे दाखवायचं होतं. चहा चांगला झाला होता, तो मी पूर्ण प्यायले आणि निघाले.

गायकवाडांनी रंग भरले. वरचा तुकडा तांबडा, नाल्याचा काठ हिरवागार. ‘आता कसा उठावदार दिसतोय,’ म्हणाले. साहेबांनी सही केली. पावसाळ्यात रोपं आली, मजूर आले आणि नकाशात तांबडं होतं तिथं, म्हणजे त्या गावातल्या सगळ्यात सपाट आणि सगळ्यात चांगल्या काळ्या जमिनीत, झाडांचे पट्टे लागले.

पुढचं वर्ष गुडघ्याचे उपचार आणि ऑफिसचं टेबल यात गेलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं असताना साहेब खूश होऊन टेबलाशी आले. तालुक्यात सगळ्यात जास्त रोपं जगली ती त्या गावातल्या एका गटात. बाहेरून पाहुणे येणार, त्यांना आदर्श काम म्हणून तोच दाखवायचा. मी आधी जाऊन बघून यावं.

गेले. झाडांमुळं रान ओळखू येत नव्हतं. करंज माझ्या खांद्याला लागले होते. बांबूला कोंब फुटले होते. घायपात तर असं पसरलं होतं की कुणी खत घालून वाढवलंय. पण जमीन बघते तर कुठं ओघळ नाही, मुरूम नाही, काही नाही. पाण्याची बाटली आडवी ठेवली तरी घरंगळणार नाही इतकी सपाट. काळ्या कसदार जमिनीत कुणीही झाड लावलं तरी जगणारच. मला हसू यायला लागलं. कुण्या दिवट्यानं हा तुकडा तांबडा दाखवला? पिशवीतून नकाशा काढला, सर्वेक्षकाची सही बघितली. सही माझी होती.

युसूफभाई आले. गडबडीत मी माझी हिंदी विसरले. मराठीतच विचारलं, ‘अहो युसूफभाई, इथं झाडं का लावू दिलीत? इथून कुठं माती वाहून जातेय?’

ते म्हणाले, ‘माती? हितून कशाला जाईल माती? माती तिकडं नाल्यात जाती की.’

‘मग मी विचारलं तेव्हा तुम्ही हा तुकडा का दाखवलात?’

‘तुम्ही इचारलं, धूप किधर जादा है. मी म्हणलं, झाडाला ऊन पाहिजे म्हणून इचारत्यात. सगळ्यात जास्त ऊन हितंच.’

मी बाजेवर बसले. तेच लिंबाचं झाड, तीच बाज. धूप म्हणजे काय, हे मी त्यांना सांगितलं. युसूफभाई जे हसायला लागले ते खाली बसेपर्यंत. डोळे पुसत बायकोला हाक मारली, ‘सुने क्या? धूप बोले तो मट्टी बह जाना! मैं बोल्या, हमारे दादा के पैले से है!’ मलाही हसू आवरेना. सुजल्या गुडघ्याची सरकारी बाई सूर्य कधीपासून आहे याची लेखी नोंद करून घेऊन गेली होती.

हसू ओसरल्यावर मी विचारलं, ‘पण एवढी चांगली जमीन जात होती, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?’

‘बोलणार हुतो,’ युसूफभाई म्हणाले. ‘पर तुम्ही नकाशात लाल केलतं. म्हणलं, शिकल्याली माणसं हायेत. काहीतरी बघूनच केलं असंल.’

ते हे टोचून बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं. मी काहीच बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्या न बघितलेल्या नकाशावर विश्वास ठेवून आपलं चांगलं रान दिलं होतं, आणि वर वर्षभर झाडांना पाणी घातलं होतं. लाजेनं मला त्यांच्याकडं बघवेना.

हमीदाबी हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘मराठीत इचारायचं ना, मॅडम. आमी काय मुंबईवरनं आलोय का? माती कुठं खरडून जाती म्हणलं असतं तर लेकरानं बी सांगितलं असतं.’ मग पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘चला आता.’

चालले. काठावरची एक चिंच मुळासकट नाल्यात आडवी पडली होती. दुसरीची मुळं हवेत लोंबत होती. चिंच पडल्यामुळं तिथं पाण्याला वाट झाली होती आणि काठ आत, विहिरीच्या दिशेनं तुटला होता. विहिरीपासून काठापर्यंत मी पावलं मोजली. अकरा भरली. वाटलं आपलं चुकलं, म्हणून पुन्हा मोजली. अकराच. अजून दोन तसे पावसाळे, मग विहीर नाल्यात. हमीदाबी म्हणाल्या, ‘ही हिर माझ्या सासऱ्यानं हातानं खणली. हिच्यावर आमचं सगळं हाये.’ मी म्हटलं, ‘मी करते काहीतरी.’ काय करणार ते मलाही ठाऊक नव्हतं.

ऑफिसात साहेबांना सगळं सांगितलं. साहेब आधी पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. ‘मॅडम, नकाशा मंजूर आहे. झाडं जगलीत. पाहुणे येणार आहेत. दीड वर्ष राहिलंय तुमचं. कशाला आपल्या हातानं आपल्या फायलीत चूक लिहून ठेवता?’ माणूस वाईट नव्हता, माझ्या भल्याचंच सांगत होता. आणि खोटं कशाला बोलू, मलाही दोन दिवस त्यांचं पटलं होतं. निरोप समारंभात ‘मॅडमनी नकाशे पायांनी काढले’ असं कुणी म्हणेल, तेव्हा आपण खाली मान घालून ऐकायचं आणि नारळ घेऊन घरी जायचं, एवढंच तर राहिलं होतं. पण मंजूर नकाशात नाल्याचा काठ हिरवा असेपर्यंत तिथं एक दगडही रचता येणार नव्हता. हिरव्या जागेवर काम म्हणजे नियमबाह्य काम.

तिसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. आयुष्यात इतका अवघड मजकूर मी लिहिला नाही. ‘सर्वेक्षणाच्या वेळी प्रस्तुत कर्मचाऱ्याने प्रत्यक्ष फिरून पाहणी न करता संबंधित शेतकऱ्यास धुपेबाबत विचारणा केली असता, शेतकऱ्याने सूर्यप्रकाशाबाबत माहिती दिली.’ वरून पंधरा दिवसांनी पत्र आलं, ‘धूप या शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा.’ मी स्पष्ट केला. मग विचारणा आली, ‘सदर शेतकऱ्यास मराठी भाषा अवगत आहे किंवा कसे?’ मी उत्तर दिलं, ‘उत्तम अवगत आहे. चूक प्रस्तुत कर्मचाऱ्याची आहे.’ एवढी दोन वाक्यं लिहिल्यावर मला बरं वाटलं.

गायकवाडांना वाटलं नुसता रंग बदलायचा. मग म्हणाले, ‘हिरव्यावर तांबडं चढंल, मॅडम. पण तांबड्यावर हिरवं नाय चढत, घाण दिसतं. सगळाच नवा काढतो.’ आणि कुणी न सांगता त्यांनी अख्खा नकाशा पुन्हा काढला. या वेळी कुठंही जास्तीचं हिरवं मागितलं नाही.

मंजुरी आली तेव्हा मृग लागून गेला होता आणि त्या वर्षाची रोपं वाटून संपली होती. कागद होता, झाड नव्हतं. युसूफभाईंना जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, ‘झाडाचं काय घेऊन बसलाय? वर सपाटावर हायेत की. तुम्हीच दिली.’ घायपाताचे फुटवे, वाळ्याचे ठोंब आणि बांबूची बेटं उपटून दुसरीकडं लावता येतात. बबनचा ट्रॅक्टर आला, म्हशीच्या वेळचं भांडण विसरून. नाल्यातलेच दगड काठाच्या पायथ्याला रचले. त्यामागं घायपाताच्या दोन ओळी, मग वाळा, मग बांबू. काठाचा एकेक हात मी चालून आखला, गुडघ्याला पट्टा बांधून. मी खूण करायची आणि हमीदाबी माझ्यामागून यायच्या, प्रत्येक खुणेशी थांबून विचारायच्या, ‘हितं नक्की ना? का हितं बी ऊनच हाये?’

करंज मात्र हलवण्यापलीकडं वाढले होते. ते त्या चांगल्या जमिनीत तसेच उभे राहिले. मी म्हटलं, ‘काढून टाका, युसूफभाई, पेरायला जागा होईल.’ ते म्हणाले, ‘राहू द्या. मॅडमच्या सहीची झाडं हायेत.’

त्या वर्षी पाऊसच कमी झाला. नाला नुसता ओला झाला आणि विहीर वाचली. अहवालात मात्र ‘वृक्षपट्ट्यामुळे धूप थांबली’ असं लिहून गेलं, कारण ‘पाऊस न पडल्यामुळे धूप थांबली’ असा रकाना नसतो. मला ठाऊक होतं की झाडांची परीक्षा झालेलीच नाही. तशीच मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात ते पायांचं वाक्य आलंच. मी उभी राहिले आणि सगळ्यांना हा प्रकार पहिल्यापासून सांगितला. लोक इतके हसले की पुढचे दोन वक्ते बोललेच नाहीत. त्यांना वाटलं मॅडमनी जाता जाता किस्सा जुळवला.

मग मागच्या वर्षीचा पावसाळा आला. तसा पाऊस मी नोकरीत फार वेळा बघितला नव्हता. सलग चार दिवस. गारखेड्यात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि बायका गाड्या हलवायच्या गडबडीत. मी गॅलरीत उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढं ती अकरा पावलं. जाऊन बघावं म्हटलं तर रस्ता बंद. फोन करावा म्हटलं तर हात होईना. विचारणार काय? आहे का गेली?

पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि युसूफभाईंचाच फोन आला. मी तो दोनदा वाजून बंद होऊ दिला. भीती वाटत होती, सरळ सांगते. तिसऱ्यांदा घेतला.

‘मॅडम, बिझी हाय का?’

‘नाही. बोला.’

‘नाला आला हुता. दांडगा आला. दुसरी चिंच बी गेली.’

‘आणि विहीर?’

‘हिर हाये,’ ते म्हणाले. ‘काठ दोन पावलं तुटला आन् बांबूपाशी थांबला. पर दुसराच लफडा झालाय. वरल्या शिवाराची सगळी माती वाहून आली ती घायपातात आन् वाळ्यात अडकली. गुडघाभर साचलीया, लोण्यावाणी. आता ही लोकाची माती कुणाच्या सातबाऱ्यावर चढवायची? तेवढं ऑफिसात इचारून सांगा.’

एवढी वर्षं मी गेलेली माती मोजली होती. कुठं आली म्हणून कुणी फोन करेल, हे माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. मी गॅलरीतल्या खुर्चीत बसून रडत होते आणि खालच्या गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मला विचारत होत्या की पाणी ओसरलं का.

‘हॅलो? मॅडम?’ फोन आता हमीदाबींनी घेतला होता. ‘रडू नका. त्या मातीत मेथी टाकणार हाये मी. महिन्याभरात काढायला येती. न्यायला या.’

‘येते,’ मी म्हटलं. ‘नक्की येते.’

‘या. आन् नकाशा तेवढा घरी ठेवून या.’